शिट्टी एकाकडे, माहिती दुसऱ्याकडे

सोयाबीन गुडघ्याएवढे झाले आणि कपाशीला पाते धरू लागले की आमच्याकडे शालेय फुटबॉलचे दिवस सुरू होतात. तालुक्याच्या सामन्यांतून जिल्ह्याला आणि जिल्ह्यातून विभागाला संघ जातात, आणि त्या महिना-दीड महिन्यात आमच्यासारख्या शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांना कधी संघाचे प्रशिक्षक म्हणून तर कधी गळ्यात शिट्टी अडकवून पंच म्हणून मैदानावर उभे राहावे लागते. यवतमाळ जिल्ह्यातील एका गावात शिकवताना मी ही दोन्ही कामे करत आलो आहे. रेषेच्या दोन्ही बाजूंनी खेळ पाहिल्यावर माझी एक गोष्ट पक्की झाली आहे. मुलाला इजा होऊ नये यासाठी लागणारी माहिती प्रशिक्षकाकडे असते आणि खेळ थांबवण्याचा अधिकार पंचाकडे असतो. हे दोघे सामन्यापूर्वी एकमेकांशी बोलले नाहीत, तर माहिती असलेल्याच्या हाती अधिकार राहत नाही आणि अधिकार असलेल्याला माहिती मिळत नाही.

मोठ्या शहरातल्या सामन्यांना डॉक्टर असतो, रुग्णवाहिका उभी असते, रेषेवर दोन सहायक पंच असतात. आमच्या तालुक्यात पुष्कळदा एकच पंच असतो, रेषेवर झेंडे घेऊन शाळेतीलच मोठे विद्यार्थी उभे असतात आणि प्रथमोपचार पेटीत कापूस, पट्टी आणि एखादी मलमाची नळी असते. 108 क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावता येते आणि ती येतेही; परंतु पावसाळ्यात नाल्याला पूर असेल तर तिला वळसा घालून यावे लागते. म्हणजे अपघातानंतरची पहिली काही मिनिटे पंच आणि दोन्ही संघांचे प्रशिक्षक यांच्याच हातात असतात. त्या मिनिटांत कोण काय करणार, हे आधी ठरलेले असावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

सुरुवात मैदानापासून करावी लागते. खेळाचे एकूण 17 नियम आहेत आणि त्यांपैकी पहिलाच मैदानाविषयीचा आहे. गोलचे खांब जमिनीत घट्ट बसवलेले असले पाहिजेत, असे तो स्पष्टपणे सांगतो. आमच्याकडे गोल बहुधा गावातल्या वेल्डरकडून लोखंडी पाइपचे करून घेतलेले असतात आणि मैदान इतर कामांसाठी रिकामे ठेवावे लागत असल्यामुळे ते उचलून बाजूला ठेवता येतील असे असतात. असा गोल नुसता उभा केला आणि एखादे पोर आडव्या पाइपला लोंबकळले, तर तो पुढे कलंडून अंगावर येतो. फुटबॉलमध्ये मुलांचे जीव गेल्याच्या ज्या घटना जगभर नोंदल्या गेल्या आहेत, त्यांत असे सुटे गोल पडून झालेले मृत्यूही आहेत. मुरमाने भरलेली पोती मागच्या आडव्या पाइपवर टाकायला फारसा वेळ लागत नाही. पंचाने प्रत्येक गोल हाताने हलवून पाहावा आणि तेव्हा दोन्ही प्रशिक्षकांनी सोबत असावे, कारण पोती आणायला माणसे पाठवणे यजमान शाळेच्या प्रशिक्षकालाच जमते. पाहुण्या पंचाला त्या गावात पोते कुठे मिळेल हेही ठाऊक नसते.

मग मैदानाची फेरी. आमच्या मैदानांचे धोके पुस्तकात सापडत नाहीत. क्रिकेटसाठी मधोमध ओतलेली सिमेंटची खेळपट्टी हा त्यांतला सर्वांत मोठा धोका आहे, कारण मातीवरून धावत आलेल्या मुलाचा पाय त्या कडेवर एकदम वळतो आणि पडला तर गुडघा किंवा कोपर सोलून निघते. मैदान सरकवून ती बाहेर ठेवता आली तर उत्तम. नाही तर तिच्यावर माती पसरून, पाणी मारून ती झाकावी आणि तिथे घसरून टॅकल, म्हणजे चेंडू काढून घेण्यासाठी पाय घालणे, करायचे नाही, असे दोन्ही संघांना आधीच सांगून पंचाने त्याप्रमाणे शिट्टी वाजवावी. काळ्या जमिनीच्या मैदानाला उन्हाळ्यात अशा भेगा पडतात की त्यांत मुलाचा पाय घोट्यापर्यंत जातो, आणि पावसाळ्यात तीच जमीन बुटाला चिकटून बूट जड करते. गवतात सराटे असतात, कबड्डीच्या वेळी ठोकलेल्या खुंट्या तशाच राहिलेल्या असतात, कोपऱ्यात हातपंपाचा ओटा असतो. रेषा आखायला फक्की म्हणून काही ठिकाणी सरळ चुना वापरतात. ओल्या अंगावर तो पोळतो आणि डोळ्यात गेला तर डोळ्याला गंभीर इजा करू शकतो, म्हणून डोळा धुण्यासाठी स्वच्छ पाण्याची बादली रेषेजवळ असावी आणि शक्य तेथे चुना टाळावा. हे सगळे यजमान प्रशिक्षकाला पाठ असते, कारण तो त्या मैदानावर रोज उभा राहतो. ते पाहुण्या संघाच्या प्रशिक्षकाला आणि पंचाला सांगितल्याने यजमान संघाला असलेला घरच्या मैदानाचा फायदा थोडा कमी होतो हे खरे आहे, परंतु खड्ड्याच्या जोरावर सामना जिंकण्यात मला काही मोल वाटत नाही.

साहित्याची तपासणी हे पंचाचे काम आहे, पण ते प्रशिक्षकाने आदल्या दिवशी शाळेतच उरकलेले असावे. चौथ्या नियमाप्रमाणे पायात बूट आणि नडगीवर शिनगार्ड हवेतच आणि शिनगार्ड मोज्याने झाकलेले हवेत. खेड्यातल्या मुलांकडे ते नसतात म्हणून मोज्यात पुठ्ठा सरकवून वेळ मारून नेण्याची पद्धत आहे. ती बंद व्हायला हवी, कारण ओला पुठ्ठा कशालाही अडवत नाही. शाळेने एका संघापुरत्या जोड्या घेऊन ठेवल्या तर त्या बरीच वर्षे पुरतात, आणि सामना संपल्यावर दुसऱ्या शाळेच्या संघाला वापरायलाही देता येतात. दागिन्यांच्या बाबतीत नियम कडक आहे: अंगठी, कडे, कानातले, गळ्यातले काहीही चालत नाही आणि ते चिकटपट्टीने झाकूनही चालत नाही. आमच्या मुलांच्या हातात कडे असते, दंडावर ताईत असतो, कमरेला करदोडा असतो, मुलींच्या कानांत डूल असतात. नवसाचा ताईत ऐन सामन्याच्या वेळी परक्या माणसाने उतरवायला लावला की मूल बावरते आणि बाहेर उभा असलेला बाप चिडतो. तेच आपल्या सरांनी आदल्या दिवशी घरी निरोप देऊन, समजावून सांगितले की ताईत आईच्या हाती देऊन मूल शांतपणे खेळायला येते.

आता ज्या माहितीसाठी मी हा लेख लिहायला घेतला, तिच्याकडे येतो. विदर्भात सिकलसेल हा रक्तातील तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार मोठ्या प्रमाणावर आहे. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, नागपूर, यवतमाळ, मेळघाट या पट्ट्यांतील आदिवासी आणि अनेक दलित कुटुंबांत तो पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे, आणि 2023 साली देशपातळीवर त्याच्या निर्मूलनाचे अभियान सुरू झाल्यापासून शाळाशाळांतून रक्ततपासणी होत असल्यामुळे आता पुष्कळ मुलांना आपण रुग्ण आहोत की वाहक आहोत हे ठाऊक असते. वाहक मूल, म्हणजे ज्याला हा दोष आईवडिलांपैकी एकाकडूनच मिळाला आहे ते, एरवी निरोगी असते आणि त्याला खेळापासून दूर ठेवण्याचे कारण नाही. परंतु ऊन, शरीरातील पाण्याची कमतरता आणि अतिश्रम हे तिन्ही एकत्र आले तर तांबड्या पेशींचा आकार बदलून वाहकालाही धाप लागते, पाय दुखून भरून येतात आणि तो खाली बसतो. तरीही त्याला धावायला लावले तर ते जिवावर बेतू शकते. प्रत्यक्ष रुग्ण असलेल्या मुलाने किती खेळावे हे तर डॉक्टरांनीच सांगायचे असते.

असे मूल मैदानात खाली बसले की पंचाला काय वाटेल? हा वेळ काढतो आहे, असेच वाटेल, विशेषतः त्याचा संघ एका गोलने पुढे असेल तर. आणि मूल स्वतः काय म्हणेल, तेही मला माहीत आहे, कारण ते मी अनेकदा ऐकले आहे: “काई नाई झालं सर मले, खेळतो मी.” म्हणून प्रशिक्षकाने, आईवडिलांची परवानगी घेऊन, सामन्यापूर्वी पंचाला बाजूला नेऊन एवढेच सांगावे की माझा सात नंबर बसला तर त्याला उठायला लावू नका, शिट्टी वाजवा आणि मला आत बोलवा. आजाराचे नाव घेण्याची गरज नाही. दुसऱ्या संघासमोर तर ते कधीच घेऊ नये, कारण गावात ही गोष्ट मुलाच्या, आणि मुलीच्या बाबतीत तर अधिकच, लग्नापर्यंत पाठ सोडत नाही. फिट येणारे मूल, दम्याचे मूल, नुकतेच तापातून उठलेले मूल यांच्याबाबतही हेच करावे. पंचाने ते नंबर आपल्या वहीत टिपून ठेवावेत. दोन मिनिटांचे हे बोलणे आहे आणि मला ते नाणेफेकीइतकेच सामन्याचा भाग वाटते.

उन्हाविषयी आम्हा वैदर्भीयांना वेगळे सांगावे लागत नाही, असे आम्ही समजतो, आणि तिथेच गाफील राहतो. चंद्रपूर आणि ब्रह्मपुरी यांची नावे देशातील सर्वांत तप्त गावांच्या यादीत दर वर्षी येतात आणि एप्रिल-मे महिन्यांत 44-45 अंश आमच्यासाठी रोजचे असते. तरीही गावोगावी उन्हाळी स्पर्धा भरतात आणि दिवसाउजेडी सगळे सामने उरकायचे म्हणून दुपारी दोनलाही संघ उतरवले जातात. सातव्या नियमात पाणी पिण्यासाठी एक मिनिटापर्यंत आणि अंग गार करण्यासाठी दीड ते तीन मिनिटांपर्यंत थांबण्याची सोय आहे आणि तो वेळ शेवटी वाढवून देता येतो. 2014 च्या विश्वचषकात ब्राझीलमधील फोर्तालेझा येथे नेदरलँड्स आणि मेक्सिको यांच्या सामन्यात असा विराम दिला गेला होता. जे तिथल्या तगड्या व्यावसायिक खेळाडूंना लागते ते आमच्या चौदा वर्षांच्या पोरांना निश्चितच लागते. मात्र विराम देऊ, असे नुसते म्हणून भागत नाही. प्रत्येक अर्ध्यात कोणत्या सुमारास थांबायचे, पाणी कोण आणणार, सावली कुठे आहे, हे दोन्ही प्रशिक्षकांनी पंचासोबत ठरवावे. आणि दुपारी बारा ते चारमध्ये सामना लावला असेल तर तिघांनी मिळून आयोजकांकडे जावे. एकट्या प्रशिक्षकाने म्हटले तर तो हरायला घाबरतो असे म्हणतात, एकट्या पंचाने म्हटले तर त्याला पुढच्या वर्षी बोलावत नाहीत. तिघे एकत्र गेले की सामना सकाळी सातला घ्यावा लागतो. मूल असंबद्ध बोलू लागले, अडखळू लागले, तर ऊन लागले आहे असे समजून आधी सावलीत नेऊन, अंगावर भरपूर पाणी ओतून, वारा घालून त्याला गार करावे आणि लगेच रुग्णवाहिका बोलवावी. नीट शुद्धीवर नसलेल्या मुलाला पाणी पाजू नये.

विजेच्या बाबतीत तर चर्चेला जागाच नसावी. आमच्याकडे मृगाच्या सरींत आणि परतीच्या पावसात शेतात वीज पडून माणसे आणि जनावरे दगावल्याची बातमी दर हंगामात येते, आणि मैदान म्हणजे उघडे शेतच. ढगाचा गडगडाट ऐकू आला की पंचाने खेळ थांबवावा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाईपर्यंत पुन्हा सुरू करू नये, असा संकेत जगभर पाळला जातो. प्रशिक्षकाचे काम मुलांना कडुनिंबाखाली नव्हे, टिनाच्या उघड्या मांडवाखालीही नव्हे, तर शाळेच्या पक्क्या इमारतीत नेण्याचे आहे. “दहाच मिनिटं राहिली सर, होऊन जाऊ द्या,” असे म्हणणारा प्रशिक्षक पंचावर जो दबाव आणतो, त्याचा भार मुलांवर पडतो.

डोक्याला लागलेला मार हा सर्वांत अवघड विषय आहे, कारण तो दिसत नाही. गंभीर दुखापत झाली की पाचव्या नियमाप्रमाणे पंचाने खेळ ताबडतोब थांबवायचा असतो. रक्त येत असेल तर खेळाडूने बाहेर गेलेच पाहिजे. परंतु दोन डोकी आपटली, दोन्ही मुले उठून उभी राहिली आणि हसू लागली, तर? पंच दूर असतो आणि त्या मुलाला तो ओळखत नाही. त्याचे नेहमीचे बोलणे, चालणे, डोळ्यांतली चमक फक्त त्याच्या सरांना ठाऊक असते. म्हणून पंचाने प्रशिक्षकाला आत बोलवावे आणि प्रशिक्षकाने साधे प्रश्न विचारावेत: आपण कोणत्या मैदानावर आहोत, पहिला अर्धा चालू आहे की दुसरा, शेवटचा गोल कोणी केला? उत्तर चुकले, मळमळ झाली, डोके दुखते म्हणाला, किंवा प्रशिक्षकाला नुसती शंका वाटली, तरी तो बाहेर. आणि त्या दिवशी पुन्हा आत नाही. नियम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय मंडळाने 2021 पासून अशा इजेसाठी जादा बदली खेळाडूचे प्रयोग केले आणि 2024 मध्ये तो पर्याय नियमांत आणला, याचे कारणच हे आहे की बदली संपल्या म्हणून जखमी खेळाडूला खेळवण्याचा मोह प्रशिक्षकाला होऊ नये. शालेय स्तरावर बाहेर गेलेल्या खेळाडूला परत घेण्याची मुभा स्पर्धा देऊ शकते. ती मुभा असेल तर डोक्याला लागलेल्या मुलाचा नंबर पंचाने वहीत लिहावा आणि त्याला परत आत घेऊ नये, मग प्रशिक्षकाने कितीही विनवणी केली तरी.

ज्येष्ठ वाचकांना 2004 च्या फेडरेशन चषकाचा अंतिम सामना आठवत असेल. बंगळुरूमध्ये डेम्पो संघाचा ब्राझिलियन आघाडीचा खेळाडू क्रिस्तियानो ज्युनियर गोल करताना गोलरक्षकाशी धडकून कोसळला आणि वाचला नाही. देशातील एका मोठ्या मैदानावर, मोठ्या स्पर्धेत हे घडले. त्याउलट 12 जून 2021 रोजी कोपनहेगनमध्ये डेन्मार्कचा ख्रिस्तियान एरिक्सन कोणाचाही धक्का न लागता खाली पडला, तेव्हा पंच अँथनी टेलर यांनी काही क्षणांत खेळ थांबवून वैद्यकीय पथकाला आत बोलावले, सहकाऱ्यांनी त्याच्याभोवती कडे केले, छातीवर दाब देणे सुरू झाले आणि तो वाचला. तेथे यंत्रे होती, डॉक्टर होते, आमच्याकडे नाहीत. परंतु धक्का न लागता पडलेल्या खेळाडूसाठी तत्क्षणी शिट्टी वाजवायची आणि प्रशिक्षकाने परवानगीची वाट न पाहता धावत यायचे, हे सामन्यापूर्वी ठरवायला यंत्र लागत नाही. मूल श्वास घेत नसेल तर छातीच्या मध्यावर मिनिटाला 100 ते 120 वेळा जोरात दाब द्यायचा असतो. एकजण दमला की दुसऱ्याने घ्यायचे आणि तिसऱ्याने 108 लावायचा. हे पंचाला आणि दोन्ही प्रशिक्षकांना येत असले तर तीन माणसे झाली. ग्रामीण रुग्णालयातील डॉक्टरांना विनंती केली तर एका दुपारी ते शिकवतात, असा माझा अनुभव आहे.

एवढे करूनही सर्वाधिक दुखापती होतात त्या टॅकलमध्ये, आणि टॅकल कसे होणार हे बऱ्याच अंशी रेषेबाहेरच्या आवाजावर ठरते. “आडवा कर त्याले!” “सोडू नको!” अशा आरोळ्या प्रेक्षक देतात तोवर मूल त्या कानामागे टाकते, तेच शब्द आपल्या सरांनी उच्चारले की ती आज्ञा होते. बाराव्या नियमात फाउलच्या तीन पायऱ्या आहेत: निष्काळजीपणा असेल तर नुसता फाउल, समोरच्याच्या सुरक्षिततेची पर्वा न करता घातलेल्या पायाला पिवळे कार्ड, आणि अवाजवी जोर लावून जिवाला धोका केला तर लाल. हा फरक सरावाच्या वेळी प्रशिक्षकाने मुलांना करून दाखवला असेल, तर पंचाचे निम्मे काम झालेले असते. 2019 पासून पंच प्रशिक्षकालाही कार्ड दाखवू शकतो. तो अधिकार योग्यच आहे. मात्र कार्डापर्यंत गोष्ट जाण्यापूर्वी पंचाने जवळ येऊन, हळू आवाजात, एकदा सांगितले तर आमच्याकडे बहुधा तेवढे पुरते. चारचौघांत अपमान झाला की माणूस हट्टाला पेटतो आणि गाव त्याच्यामागे उभे राहते.

पंचांविषयीही एक आग्रह आहे. पहिल्या दहा मिनिटांत मागून घातलेला पाय मोकळा सोडला की पुढच्या अर्ध्या तासात त्याचा बदला घेतला जातो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे. पोरे आहेत, खेळू द्या, हा दयाळूपणा मुलांना महागात पडतो. आणि मध्यंतरात प्रशिक्षक येऊन, “सर, त्यांचा पाच नंबर स्टड (बुटाच्या तळाचे खिळे) दाखवून येतो आहे, जरा लक्ष असू द्या,” असे म्हणाला तर ती तक्रार न समजता माहिती समजावी, कारण दोनच डोळ्यांनी बावीस मुले सांभाळणाऱ्या माणसाला मदत लागतेच. प्रशिक्षकाने मात्र त्याच दमात पेनल्टीचा विषय काढू नये. काढला की पाच नंबरचेही कोणी ऐकत नाही.

वयाचा प्रश्न मी थोडक्यात मांडतो, कारण त्यावर स्वतंत्र लिहावे लागेल. चौदा वर्षांखालील संघात सतरा वर्षांचा मुलगा कागद बदलून उतरवणे याला आपण फसवणूक म्हणतो, ती आहेच. पण पस्तीस किलोच्या मुलावर साठ किलोचा मुलगा धावून जातो तेव्हा हाड मोडते. पंचाला शंका आली आणि त्याने शाळेचे निर्गम उतारे मागितले, तर दोन्ही प्रशिक्षकांनी ते आनंदाने पुढे करावेत.

या वर्षी आमच्या तालुक्याच्या बैठकीत मी दोन गोष्टींची विनंती केली आहे. प्रत्येक सामन्याच्या अर्धा तास आधी पंच आणि दोन्ही प्रशिक्षक यांनी एकत्र मैदानाची फेरी मारावी आणि ज्या मुलांकडे लक्ष ठेवायचे त्यांचे नंबर पंचाला सांगावेत. सामन्यानंतर एका वहीत, कोणाला, कुठे, कशाने लागले हे लिहून तिघांनी सह्या कराव्यात, म्हणजे तोच मुलगा दुसऱ्या दिवशी दुसऱ्या पंचासमोर उतरला तर त्याला ते कळेल आणि त्याच खळग्यात तिसरा घोटा मुरगळण्यापूर्वी तो बुजवला जाईल. काही सहकाऱ्यांना यात वेळ जाईल असे वाटते, काहींना सहीची भीती वाटते. वही मी विकत आणली आहे आणि पहिल्या सामन्याला ती घेऊन जाणार आहे. सही करायला तयार असलेल्यांनी अर्धा तास आधी यावे.